चेंडू खाली पडू द्यायचा नाही



परवा संध्याकाळी भाजी घेऊन घरी येत होतो, तर सोसायटीच्या फाटकातच आरडाओरडा ऐकू आला. बघतो तर काय, सात-आठ मुलं रिंगण करून उभी, सगळी एकदम बोलतायत, आणि बिचारा फुटबॉल एका स्कूटरखाली जाऊन बसलाय. भांडण कशावरून? तर मेस्सी मोठा की रोनाल्डो मोठा! एक जण बोटांवर गोल मोजत होता, दुसरा नुसताच "वर्ल्ड कप, वर्ल्ड कप" असं ओरडत होता. मी म्हटलं, "अरे, अंधार पडत आला. खेळणार कधी?" तर त्यांच्यातला सगळ्यात छोटा म्हणाला, "थांबा हो काका, आधी हे ठरू दे!"

आता हे काय ठरणार, कपाळ! आमच्या वेळीही ठरलं नव्हतं. तेव्हा फक्त नावं वेगळी होती. पेले की मॅराडोना? या एका प्रश्नावरून आमच्या वाड्यातले दोन सख्खे भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. पण खरी गंमत पुढेच आहे. हे भांडण नुसतं तुमच्या-आमच्यासारख्यांचं नव्हतं. खुद्द पेले आणि मॅराडोनासुद्धा त्यावरून एकमेकांवर रुसून बसायचे! आणि मग एके रात्री ते दोघं टीव्हीवर समोरासमोर आले. आज त्याच रात्रीची गोष्ट सांगतो.

आधी थोडी ओळख करून घेऊ. पेले ब्राझीलचा. लहानपणी विकतचा चेंडू परवडत नव्हता म्हणून मोज्यात कागद आणि चिंध्या कोंबून खेळायचा. १९५८ च्या वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात त्याने दोन गोल मारले, तेव्हा वय किती? सतरा! म्हणजे तुमच्या बारावीतल्या दादाएवढा. १९५८, १९६२ आणि १९७० असे तीन वर्ल्ड कप जिंकणाऱ्या संघांत तो होता. आपल्याकडेही येऊन गेलाय बरं का. सप्टेंबर १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाकडून तो कोलकात्याला ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळला होता. सामना २-२ असा बरोबरीत सुटला.

मॅराडोना अर्जेंटिनाचा, पेलेपेक्षा वीस वर्षांनी लहान. ब्वेनोस आयरेस या राजधानीच्या कडेला व्हिया फियोरितो नावाची गरीब वस्ती आहे, तिथे तो वाढला. तीन वर्षांचा असताना नात्यातल्या एका मोठ्या भावाने त्याला चेंडू दिला, तर हा पठ्ठ्या चेंडू कुशीत घेऊनच झोपला! पुढे शाळकरी वयात मोठ्या सामन्यांच्या मध्यंतरात मैदानात उतरून तो चेंडूच्या करामती करून दाखवायचा. पायावर, मांडीवर, डोक्यावर, खांद्यावर, चेंडू काही खाली पडायचा नाही. त्यामुळे त्या वयातच तो टीव्हीवरही झळकला. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

दोघांच्या पाठीवर आकडा एकच, १०.

१९७९ साली अठरा वर्षांचा मॅराडोना पेलेला भेटायला मुद्दाम रिओला गेला होता. त्या भेटीतला एक फोटो प्रसिद्ध आहे. पेलेच्या हातात गिटार आहे आणि शेजारी हा कुरळ्या केसांचा पोरगा! म्हणजे सुरुवात छान झाली होती. पण जसजसा मॅराडोना मोठा होत गेला, तसतसं लोक दोघांना एकाच तराजूत घालायला लागले, आणि मग दोघांच्याही बोलण्याला धार आली. कळस झाला २००० साली. शतकातला सर्वोत्तम खेळाडू निवडायचा म्हणून फिफाने इंटरनेटवर मतदान घेतलं. त्यात मॅराडोनाला निम्म्याहून जास्त मतं पडली. फिफाची पंचाईत! मग जाणकारांचं मंडळ आणि फिफाच्या मासिकाचे वाचक यांच्या पसंतीने पेलेलाही पुरस्कार द्यायचं ठरलं. रोममध्ये समारंभ झाला. मॅराडोनाने आपला पुरस्कार घेतला आणि पेलेचा नंबर येण्याआधीच तो सभागृहातून निघून गेला. तुमच्या वर्गात बक्षीस समारंभाला कुणी असं केलं तर बाई काय म्हणतील?

आता जरा कडू भाग. तो टाळून ही गोष्ट सांगता येणार नाही, आणि तुम्ही काही आता कुक्कुली बाळं नाही. मॅराडोनाला अमली पदार्थांचं व्यसन होतं. त्यापायी १९९१ साली त्याच्यावर पंधरा महिन्यांची बंदी आली. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये बंदी असलेलं उत्तेजक त्याच्या तपासणीत सापडलं आणि त्याला स्पर्धेतूनच घरी पाठवलं. १९९७ मध्ये खेळणं संपलं. त्यानंतर तो इतका सुटला, इतका आजारी पडला, की एप्रिल २००४ मध्ये त्याला कृत्रिम श्वासावर ठेवावं लागलं. इस्पितळाबाहेर लोक झेंडे घेऊन, मेणबत्त्या लावून बसले होते. तो वाचला. मार्च २००५ मध्ये वजन कमी करण्यासाठी त्याच्या पोटावर कोलंबियात शस्त्रक्रिया झाली.

आणि त्यानंतर पाच महिन्यांनी, १५ ऑगस्ट २००५ च्या सोमवारी (हो, आपला स्वातंत्र्यदिन!), अर्जेंटिनाच्या कनाल १३ या वाहिनीवर एक नवा कार्यक्रम सुरू झाला. नाव 'ला नोचे देल दिएस', म्हणजे 'दहा नंबरची रात्र'. सूत्रधार कोण? मॅराडोना! वर्षापूर्वी ज्याच्यासाठी लोक प्रार्थना करत होते, तो चक्क चालत, हसत, सडपातळ होऊन समोर आला. पहिल्या रात्रीचा मुख्य पाहुणा म्हणून त्याने कुणाला बोलवावं? पेलेला!

दोघांनी जुन्या आठवणी काढल्या. पेलेने गिटार घेऊन गाणं म्हटलं. मॅराडोनाही गायला. दोघांनी एकमेकांना आपापल्या देशाचे टी-शर्ट दिले. हे सगळं ठीक. मोठी माणसं टीव्हीवर गोड बोलतातच हो. (आणि अगदी सगळं गोडही नव्हतं. त्याच कार्यक्रमात एक कार्टूनही दाखवत. त्यातला खलनायक दिसायला थेट पेलेसारखा होता! आता याला काय म्हणायचं?)

पण मग चेंडू आला.

दोघं काही पावलांवर समोरासमोर उभे राहिले आणि डोक्याने चेंडू एकमेकांकडे उडवू लागले. याच्या कपाळावरून त्याच्या कपाळावर, त्याच्या कपाळावरून याच्या. एकाचं वय चौसष्ट, दुसऱ्याचं चव्वेचाळीस आणि नुकताच मरणाच्या दारातून परत आलेला. पळायचं नव्हतं, उड्या मारायच्या नव्हत्या. चेंडू फक्त खाली पडू द्यायचा नव्हता.

मला त्या सगळ्या कार्यक्रमातला हा तुकडा सगळ्यात आवडतो. का ते सांगतो. तुम्ही दोघं मित्र एक फुगा घ्या आणि हाच खेळ करून बघा. एक गोष्ट लगेच कळेल. समोरच्याला हरवायला गेलात, तर खेळ तिथेच बंद! जोरात मारलात, वाकडा मारलात, फार उंच उडवलात, की समोरचा चुकला आणि दोघांचाही खेळ संपला. इथे समोरच्याला सोपा चेंडू द्यावा लागतो. त्याच्या बरोब्बर कपाळावर उतरेल असा. आणि तो कसा उभा आहे, त्याचा पाय कुठे आहे, हे बघून द्यावा लागतो. आता विचार करा. मोठा कोण यावरून वर्षानुवर्षं फुरंगटलेली दोन माणसं, आणि दर खेपेला एकाने दुसऱ्याला चांगला चेंडू द्यायचा, नाहीतर आपलीही फजिती! चेहऱ्यावरचं हसू टीव्हीसाठी आणता येतं. चेंडूच्या बाबतीत तसली बनवाबनवी चालत नाही.

आणखी एक. खेळाडू निवृत्त होतो तेव्हा त्याचं नेमकं काय जातं? पळण्याचा वेग जातो, दम जातो, गुडघे कुरकुरायला लागतात. पण चेंडू हवेत चढला की तो कुठे उतरणार हे आधीच ओळखायची जी नजर असते, ती मात्र लवकर जात नाही. तुमच्या आजीला नाही का, न मोजता भाजीत मीठ बरोबर पडतं, तसंच. मध्यंतरात करामती दाखवणारा तो व्हिया फियोरितोचा पोरगा आठवतोय ना? तोच पोरगा जाड-बारीक होऊन, आजारी पडून, पुन्हा उठून टीव्हीसमोर उभा होता, आणि चेंडू अजून त्याचं ऐकत होता.

कार्यक्रम १३ आठवडे चालला. फ्रान्सचा झिदान येऊन गेला, ब्राझीलचा रोनाल्डो येऊन गेला (तुमचा पोर्तुगालचा नव्हे, त्याच्या आधीचा!). फुटबॉलबाहेरचेही आले. मॅराडोना पाहुण्यांना अर्जेंटिनाचा सही केलेला टी-शर्ट भेट द्यायचा. मुष्टियोद्धा माइक टायसन तो टी-शर्ट घालून पुढे थेट ब्राझीलमध्ये उतरला! ज्यांना अर्जेंटिना-ब्राझील वैर माहीत आहे, त्यांना यातली मजा कळेल.

पण नुसत्या गप्पा मारून जुने खेळाडू गप्प बसतात होय? त्यांना जिंकायचंही असतं. म्हणून कार्यक्रमात फुटबॉल-टेनिसची चुरस असायची. मध्ये जाळी, दोन्हीकडे खेळाडू, चेंडू फुटबॉलचा. हात सोडून बाकी कशानेही तो पलीकडे धाडायचा. इथे मघाचा नियम अगदी उलटा! समोरच्याला चेंडू मिळूच नये असा मारायचा. कधी जाळीला चाटून हळूच टाकायचा, कधी मागच्या रेघेवर. मघाशी तो कुठे उभा आहे हे बघत होतो त्याची सोय म्हणून. आता बघायचं त्याची गैरसोय करायला!

यातल्या एका डावाची चित्रफीत आजही लोक आवडीने बघतात. एका बाजूला मॅराडोना आणि उरुग्वेचा जुना खेळाडू एन्झो फ्रान्सेस्कोली. (झिदानला हा इतका आवडायचा की त्याने आपल्या मुलाचं नाव एन्झो ठेवलं.) आणि दुसऱ्या बाजूला दोन पोरं, कार्लोस तेवेझ आणि लिओनेल मेस्सी! मेस्सी तेव्हा अठरा वर्षांचा, लांब केसांचा, बुजरा. त्याच वर्षी त्याने अर्जेंटिनाला युवकांचा वर्ल्ड कप जिंकून दिला होता. आणि मॅराडोनाचा कार्यक्रम सुरू झाल्यावर दोनच दिवसांनी मोठ्या संघाकडून तो हंगेरीविरुद्ध पहिल्यांदा मैदानात उतरला, आणि दोन मिनिटांत लाल कार्ड खाऊन बाहेर! बघा, तुमच्या त्या मेस्सीची सुरुवात अशी झाली होती. पुढे १७ वर्षांनी, २०२२ साली, त्याच्याच हातात वर्ल्ड कप आला.

आता हाताचा विषय निघालाच आहे, तर ती गोष्टही सांगून टाकतो. बाबांना नाहीतर आजोबांना विचारा. २२ जून १९८६, रविवार. मेक्सिकोत भरदुपारी बारा वाजता सामना सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. चारच वर्षांपूर्वी या दोन देशांत फॉकलंड बेटांवरून युद्ध झालं होतं, त्यामुळे वातावरण आधीच तापलेलं. उत्तरार्धात सहाव्या मिनिटाला चेंडू उंच उडाला, इंग्लंडचा उंचापुरा गोलरक्षक पीटर शिल्टन पुढे आला, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी बुटका मॅराडोना उडी मारून वर गेला. गोल! इंग्लंडचे खेळाडू हात दाखवून ओरडत राहिले. पंच होते ट्युनिशियाचे अली बिन नासर. त्यांना दिसलं नाही. गोल दिला गेला.

आणि चारच मिनिटांनी याच माणसाने आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेतला आणि इंग्लंडचे एकामागून एक खेळाडू चुकवत, शेवटी शिल्टनलाही चुकवून गोल केला. फुटबॉलमधल्या आजवरच्या सर्वांत सुंदर गोलांत त्याची गणना होते. एकाच माणसाचे दोन गोल, चार मिनिटांच्या अंतराने. एक बघून टाळ्या वाजवाव्या, आणि दुसरा? अर्जेंटिना २-१ ने जिंकली आणि पुढे वर्ल्ड कपही.

सामन्यानंतर मॅराडोना म्हणाला होता की तो गोल थोडा माझ्या डोक्याने झाला आणि थोडा देवाच्या हाताने. तेव्हा लोक हसले, इंग्लंडवाले मात्र चडफडले. चौदा वर्षांनी आत्मचरित्रात त्याने लिहून टाकलं की हात माझाच होता. पण २२ ऑगस्ट २००५ ला, म्हणजे पेले येऊन गेल्यावर आठच दिवसांनी, त्याने आपल्या कार्यक्रमात, सगळ्या देशासमोर, स्वतःच्या तोंडाने सांगितलं. चेंडूला डोकं लागलंच नव्हतं, मुद्दाम हाताने मारला होता. गोल झाल्यावर सोबतचे खेळाडू जागच्या जागी थिजले होते. तर हाच त्यांना म्हणाला, या रे, मला मिठी मारा, नाहीतर पंचाला संशय येईल!

आता यावर तुम्ही म्हणाल, कबूल केलं म्हणजे छानच केलं की! मला मात्र इतकं सोपं वाटत नाही. सांगताना तो काही फार शरमलेला नव्हता. आपल्या लोकांत बसून, हसत हसत सांगितलेली ती कबुली होती. ज्याचं नुकसान झालं तो शिल्टन काही समोर बसला नव्हता, आणि शिल्टनचा राग त्यानंतरही गेला नाही. पण पंचांची गोष्ट वेगळी. २०१५ साली मॅराडोना ट्युनिशियाला गेला असताना बिन नासर यांच्या घरी गेला, आणि आपला सही केलेला टी-शर्ट त्यांना देऊन आला. त्या एका चुकीपायी या गृहस्थांनी आयुष्यभर बोलणी खाल्ली होती. मला ती भेट टीव्हीवरच्या कबुलीपेक्षा मोठी वाटते. तुम्हाला काय वाटतं? जेवताना आई-बाबांशी यावर वाद घालून बघा.

आणि पेले-मॅराडोनाच्या दोस्तीचं पुढे काय झालं? अहो, २०१० साली पुन्हा जुंपली! पेलेने जाऊन संग्रहालयात बसावं, असं मॅराडोना पत्रकारांसमोर म्हणाला. २०१६ मध्ये पॅरिसला पुन्हा एका प्रदर्शनी सामन्याच्या निमित्ताने दोघांची दिलजमाई झाली. असं आपलं चालूच. एका रात्रीत चेंडू खाली पडला नाही म्हणजे पुढे कधीच पडणार नाही असं थोडंच असतं?

त्या कार्यक्रमाच्या एका भागात तर मॅराडोनाने स्वतःचीच मुलाखत घेतली. प्रश्न विचारणारा मॅराडोना, उत्तर देणारा मॅराडोना! तू गेल्यावर तुझ्या थडग्यावर काय लिहायचं, असं त्याने स्वतःला विचारलं. उत्तर आलं, चेंडूचे आभार. २५ नोव्हेंबर २०२० रोजी तो गेला, नुकताच साठ वर्षांचा झाला होता. पेले तेव्हा ऐंशीचा, आजारी. त्याने जगाला कळवलं, की एक दिवस वर आकाशात आपण दोघं मिळून चेंडू खेळू अशी आशा आहे. २९ डिसेंबर २०२२ रोजी पेलेही गेला.

बरं, आता तुमच्यासाठी काम. फुटबॉल-टेनिसला मोठं मैदान लागत नाही. दोन खांबांना कमरेएवढ्या उंचीवर दोरी बांधा, दोन्हीकडे खडूने चौकोन आखा आणि दोघं-दोघं उभे राहा. चेंडू आपल्या बाजूला एकदा टप्पा खाऊ शकतो. आपसात एक-दोनदा पास करून पलीकडे धाडायचा. दोन टप्पे पडले, दोरीत अडकला किंवा चौकोनाबाहेर गेला की समोरच्याला गुण. दहा गुणांचा डाव. पाय, मांडी, छाती सगळं चालेल. डोक्याने मात्र लहान मुलांनी खरा फुटबॉल मारू नये, त्याला फुगाच बरा. (आई-बाबांसाठी: डोक्याला वारंवार बसणारे हे हादरे वाढत्या वयात नकोत म्हणून अमेरिकेने २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर मारायला बंदी घातली. इंग्लंडनेही २०२० पासून प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकला.)

आणि हो, हात लावायचा नाही. लागलाच तर लगेच सांगून टाकायचं. चौदा-एकोणीस वर्षं थांबायला काका तिथे नसतील!

परवाच्या त्या मंडळींना मी दोरी दिली आहे. काल खिडकीतून बघितलं, तर मेस्सीवाले एकीकडे आणि रोनाल्डोवाले एकीकडे असे डाव पडले होते, आणि तो सगळ्यात छोटा दोरीपाशी उभा राहून गुण मोजत होता.